केएमटीचा इतिहास कसा लिहावा : सुरुवात एका मार्गापासून

शहर बससेवेचा इतिहास लिहायला घेणारे बहुतेकजण परिवहन समितीच्या सभापतींची नावे, नव्या गाड्यांच्या लोकार्पणाचे समारंभ आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकातला तोटा एवढे गोळा करतात. त्यातून संस्थेचा अहवाल तयार होतो, शहराचा इतिहास त्यात क्वचितच उतरतो. केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या बाबतीत असे होणे मला विशेष खेदाचे वाटते. पेठांमधली माणसे उपनगरांत आणि पुढे भोवतालच्या गावांत कशी पसरत गेली, कोणत्या गावच्या मुली कोणत्या वर्षापासून शहरातल्या महाविद्यालयांत येऊ लागल्या, शाहू मिलची पाळी सुटल्यावर कामगार घरी कसा जाई, या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर या सेवेच्या कागदांकडे आणि ती चालवणाऱ्यांच्या आठवणींकडेच जावे लागते. हे काम करायला इतिहासाची पदवी लागत नाही. नोंदी नीट ठेवण्याची सवय आणि पुरेसा वेळ असलेल्या कोणालाही ते करता येईल, अशा समजुतीने पुढची पद्धत सांगितली आहे.

आधी एक मार्ग निवडावा

संपूर्ण केएमटीचा इतिहास एकदम लिहायला घेऊ नये. कसबा बावडा, फुलेवाडी, राजारामपुरी, कळंबा, आर. के. नगर, गांधीनगर, शिरोली यांपैकी एखाद्या भागाकडे जाणारा, शक्यतो आपल्या रोजच्या ओळखीचा एकच मार्ग निवडावा आणि त्याच्या जन्मापासून आजपर्यंतचा माग काढावा. गाडी पहिल्यांदा कधी सुटली, ती कोणी मागितली, पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता असे, थांबे कोणते होते, मार्ग पुढे कोणत्या गावापर्यंत वाढला, फेऱ्या कधी कमी झाल्या आणि त्या कमी झाल्यावर माणसे कशाने जाऊ लागली, हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढचे सगळे वाचन आणि सगळ्या भेटी या प्रश्नांसाठी आहेत. त्यांच्याशी संबंध नसलेली माहिती कितीही रंजक असली, तरी ती वेगळ्या वहीत टिपावी.

मार्गापासून सुरुवात करण्यामागे कोल्हापूरपुरते एक खास कारण आहे. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात शहराची हद्द एकदाही वाढली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार ५,४९,२३६ लोक राहत होते. हद्दीबाहेर लगतच्या गावांत झालेली वस्ती या आकड्यात धरलेली नाही, पण तिथले लोक कामाला, शाळेला, दवाखान्याला शहरातच येतात. हद्दवाढीला गावांचा विरोध राहिला, आणि २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी स्वतंत्र नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. या सगळ्या काळात केएमटीची गाडी ही हद्द ओलांडून जात राहिली. शहरातल्या करदात्यांच्या पैशावर चालणारी गाडी हद्दीबाहेरच्या गावाला सेवा देते, म्हणून तिथल्या फेऱ्या बंद कराव्यात, असा युक्तिवाद हद्दवाढीच्या वादात पुन्हा पुन्हा झाला. आणि गावांचे म्हणणे असे, की रोज शहरात येऊन खरेदी करणारा माणूस शहराला काही देतच असतो. आपला मार्ग हद्द ओलांडणारा असेल, तर हा वाद आपल्या इतिहासाचा कणा ठरेल. तो लिहिताना दोन्ही बाजूंचे ठराव, निवेदने आणि बातम्या सारख्याच काळजीने वाचाव्यात.

कागद कुठे आणि कसे शोधावेत

कागदांच्या शोधात तारखांचे टप्पे आधी पक्के करावेत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० मध्ये रस्ते परिवहन महामंडळांचा कायदा आला. शहर बससेवेचा विषय नगरपालिकेच्या काळापासूनचा आहे, तेव्हा केवळ १९७२ नंतरची दप्तरे पाहून भागत नाही. संस्थानकाळात शहरातली वाहतूक कशी होती, टांगे आणि मोटारींना परवाने कसे मिळत, याचा शोध राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात घ्यावा. १८८६ चे जुने गॅझेटियर आणि १९६० चे जिल्हा गॅझेटियर यांतली दळणवळणाची प्रकरणे ओळीने वाचली, तर बैलगाडी-टांग्यांचे कोल्हापूर आणि मोटारींचे कोल्हापूर यांतला फरक लगेच ध्यानात येतो. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि स्टेशनापासून पेठांपर्यंत माणसे पोचवण्याची गरज तेव्हापासूनची आहे, हेही लक्षात ठेवावे.

महानगरपालिकेच्या काळातले सर्वांत मोलाचे कागद म्हणजे सर्वसाधारण सभेचे आणि परिवहन समितीचे ठराव व इतिवृत्ते. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात परिवहन उपक्रमासाठी स्वतंत्र समिती, परिवहन व्यवस्थापक आणि स्वतंत्र अंदाजपत्रक यांची तरतूद आहे. म्हणून केएमटीचे निर्णय महानगरपालिकेच्या सर्वसाधारण कागदांत विखुरलेले असतात आणि परिवहन समितीच्या दप्तरात एकत्रही सापडतात. दोन्हीकडे पाहावे. समितीने मागितलेली गोष्ट सभेने नाकारल्याचे उदाहरण मिळाले, तर त्यातून त्या काळच्या राजकारणाविषयी पुष्कळ कळते. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाला. त्या काळातले निर्णय समितीच्या इतिवृत्तात शोधत बसू नये, प्रशासकांच्या ठरावांची नोंदवही मागावी.

शासकीय दप्तरात कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गातले कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गातले ३० वर्षे, ‘क’ वर्गातले १० वर्षे आणि ‘ड’ वर्गातले १ वर्ष, अशी सर्वसाधारण रचना आहे. ठराव टिकतात, वेबिले (वाहकाने भरायचे फेरीच्या तिकिटांचे हिशेबपत्रक), ड्यूटीचे तक्ते, गाडीच्या लॉगशीट आणि प्रवाशांच्या तक्रारी मात्र मुदत संपली की नष्ट होतात, आणि एका मार्गाचे रोजचे जगणे नेमके याच कागदांत असते. कोणत्या थांब्यावर किती माणसे चढली, गाडी कुठे बंद पडली, कोणती फेरी रद्द झाली, हे ठरावात कधीच येत नाही. म्हणून उरलेल्या वेळात काय पाहायचे हे ठरवताना अशा अल्पायुषी कागदांना आधी हात घालावा. ठराव पुढच्या वर्षीही जागेवर असतील.

कागद सहज मिळाले नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. अर्जाचे शुल्क १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांच्या आत मांडावा लागतो. ‘फेऱ्या का कमी केल्या’ असा प्रश्न विचारू नये, कारण कायद्याने अभिलेखात असलेली माहितीच मिळते, खुलासा मिळत नाही. ‘अमुक मार्गाची अमुक वर्षांतली वेळापत्रके आणि फेऱ्यांत बदल करणारे आदेश प्रत्यक्ष पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावेत’ अशी मागणी करावी. अभिलेखाची पाहणी करण्याचा हक्क कायद्यातच आहे, आणि माझ्या मते अभ्यासकासाठी तोच सर्वांत उपयोगी हक्क आहे, कारण फायली चाळताना न मागितलेली पण हवी असलेली गोष्ट नजरेस पडते. वागणूक मात्र सौजन्याची असावी. अभिलेख कक्षातला कर्मचारी मनाने बरोबर आला, तर एका दुपारी महिन्याचे काम होते.

याखेरीज तीन ठिकाणे लक्षात ठेवावीत. भाडेवाढ आणि मार्गाचा परवाना हे विषय प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे जातात. शहराबाहेरच्या रस्त्यांवर एसटीही धावत असल्याने कोणत्या मार्गावर कोणी किती गाड्या चालवाव्यात याविषयीचा पत्रव्यवहार तिथे मिळू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय सार्वजनिक परिवहन उपक्रमांच्या कामगिरीचा आढावा प्रसिद्ध करत आले आहे, आणि त्यात कोल्हापूरचे आकडे पुणे, ठाणे यांसारख्या शहरांच्या आकड्यांशेजारी सापडतात. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. तिचे ग्रंथालयही पाहावे.

वर्तमानपत्रे

१९३९ पासून दैनिक स्वरूपात निघणारा ‘पुढारी’, जुना ‘सत्यवादी’ आणि नंतर ‘सकाळ’ची कोल्हापूर आवृत्ती यांच्या फायली ग्रंथालयांत पाहाव्यात. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय ही पहिली दोन ठिकाणे. सगळे अंक चाळणे शक्य नसते, म्हणून वर्षातले ठरावीक आठवडे निवडावेत: अंदाजपत्रकाचे फेब्रुवारी-मार्च, शाळा उघडण्याचा जून, पुराचे जुलै-ऑगस्ट आणि नवरात्र. नवदुर्गा दर्शनासाठी केएमटी विशेष गाड्या सोडते, त्यामुळे नवरात्रातल्या छोट्या बातम्यांत भाडे, वेळा आणि मार्ग नेमके छापलेले सापडतात. मुख्य बातमीपेक्षा वाचकांचा पत्रव्यवहार आणि निविदांच्या जाहिराती अधिक लक्षपूर्वक वाचाव्यात. गाडी न आल्याची तक्रार करणारा वाचक थांब्याचे नाव, वेळ आणि तारीख देतो, आणि सुट्या भागांच्या निविदेवरून ताफ्यात कोणत्या बनावटीच्या गाड्या होत्या ते कळते.

तिकिटाची आणि छायाचित्राची तारीख ठरवणे

घरोघरी जुन्या पुस्तकांत तिकिटे निघतात, अल्बममध्ये मागे बस उभी असलेले छायाचित्र असते, पण त्यांवर वर्ष नसते. ते काढण्याच्या काही खात्रीच्या खुणा आहेत. भाडे आण्यांत छापलेले असेल, तर तिकीट बहुधा दशमान नाण्यांच्या आधीचे आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळाला, म्हणून ‘न. पै.’ छापलेले तिकीट साधारणपणे या दोन तारखांच्या दरम्यान छापलेले असते. छापील साठा संपेपर्यंत जुनी तिकिटे वापरात राहतात, म्हणून वापराचे वर्ष थोडे पुढेही जाऊ शकते. तिकिटावर ‘नगरपालिका’ असेल तर छपाई १९७२ च्या अखेरीपूर्वीची आणि ‘महानगरपालिका’ असेल तर नंतरची, ही कोल्हापुरापुरती सर्वांत सोपी कसोटी आहे. भाड्याखेरीज एखादा अधिभार वेगळा छापला असेल तर तोही नोंदवावा, कारण अधिभार लागू झाल्याची तारीख राजपत्रात मिळते. तिकिटाच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्यावी. मागच्या बाजूला मुद्रणालयाचे नाव किंवा जाहिरात असू शकते.

छायाचित्रात प्रथम नंबर प्लेट पाहावी. महाराष्ट्र स्थापनेनंतरच्या जुन्या नोंदणीत ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत, १९८९ च्या मध्यापासून नवी पद्धत आली आणि कोल्हापूरला एमएच-०९ मिळाले. गाडीच्या नाकावर मर्सिडीजचा तारा दिसला, तर ती टाटा आणि डायमलर-बेंझ यांच्या १९५४ ते १९६९ या सहकार्याच्या काळात बनलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र या खुणा गाडी केव्हा बनली किंवा नोंदवली गेली ते सांगतात. छायाचित्र त्यानंतर कितीही वर्षांनी काढलेले असू शकते, कारण शहर बससेवांत गाडी दशकभर सहज चालते. म्हणून पाठीमागच्या दुकानांच्या पाट्या, चित्रपटांची पोस्टरे, विजेचे खांब आणि इमारतींचे मजले यांवरून दुसरी मर्यादा शोधावी. कोल्हापुरात पोस्टर दिसले तर नशीब उघडले असे समजावे. चित्रपटाच्या प्रदर्शनाचे वर्ष सापडते आणि छायाचित्र फार तर काही महिने इकडेतिकडे सरकते.

थांब्यांच्या नावांचा वेगळा तक्ता करावा. कावळा नाका आणि ताराराणी चौक हे एकाच ठिकाणाचे दोन काळ आहेत, आणि जुन्या कागदात एक नाव, नव्या कागदात दुसरे आले की अनभ्यस्त वाचकाला ते दोन थांबे वाटतात. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज यांसारखी चित्रपटगृहांची नावे थांब्यांना आणि चौकांना चिकटून राहिली आहेत. प्रत्येक नावापुढे ते कागदात पहिल्यांदा आणि शेवटचे कधी दिसले ते लिहीत गेल्यास मार्गातले बदल आपोआप उलगडतात.

चालक, वाहक आणि प्रवासी यांच्याशी बोलणे

हा भाग पुढे ढकलू नये. नगरपालिकेच्या काळात नोकरीला लागलेले चालक-वाहक आता फार वयाचे आहेत, आणि त्यांना ठाऊक असलेले बरेच काही कोणत्याही फायलीत नाही. भेटीला जाताना रिकाम्या हाताने प्रश्न विचारू नयेत. त्या काळचे तिकीट, मार्गाचा हाताने काढलेला नकाशा किंवा एखादे छायाचित्र पुढे ठेवावे, म्हणजे आठवण वस्तूला धरून येते. ‘कोणत्या साली’ असे विचारले की माणूस अंदाज सांगतो. त्याऐवजी सर्वांना लख्ख आठवणारी घटना पुढे ठेवावी: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, २००५ चा आणि २०१९ चा महापूर. ‘भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोणत्या मार्गावर होता, काका?’ या प्रश्नाचे उत्तर तारखेच्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा बहुधा नेमके असते.

विचारावे असे प्रश्न साधे आहेत. सकाळची पहिली गाडी कोणासाठी होती? दूधवाले, भाजीवाले, मिलचे कामगार, उद्यमनगरातले कारागीर, की विद्यापीठाचे विद्यार्थी? कोणत्या फेरीला उभे राहायला जागा नसे आणि कोणती रिकामी जाई? सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची हुज्जत कशी मिटवत? वडाप, म्हणजे खासगी गाड्यांतून होणारी प्रवासी वाहतूक, सुरू झाल्यावर कोणत्या थांब्यावरचे प्रवासी आधी गेले? कायम, रोजंदारी आणि कंत्राटी कामगारांच्या पगारात आणि वागणुकीत काय फरक होता? पगार उशिरा झाला की घर कसे चाले, हा प्रश्न घरच्या बाईंना विचारावा, आणि आदराने विचारावा. पहाटेच्या ड्यूटीसाठी तीन-साडेतीनला उठून डबा देणाऱ्या त्याच होत्या. प्रवाशांपैकी शाळा-महाविद्यालयाचा पास काढून वर्षानुवर्षे एकाच मार्गाने गेलेल्या स्त्रिया शोधाव्यात. किती वाजताची गाडी चुकली की घरून शिक्षण बंद होण्याची भीती असे, हे त्याच सांगू शकतील.

ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी, ती मुद्रणातच नोंदवावी, आणि मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा. अपघात, निलंबन किंवा वरिष्ठांशी झालेले वाद यांविषयी कोणी बोलले, तर नावे वगळावीत. एकाच्या सांगण्यावर कोणतीही तारीख किंवा रक्कम पक्की धरू नये. दुसरा माणूस किंवा कागद तिला दुजोरा देईपर्यंत वहीत तिच्यापुढे खूण ठेवावी. पण कागद आणि आठवण यांत फरक पडला, की कागदच खरा असेही मानू नये. वेळापत्रकात असलेली फेरी वर्षभर सुटलीच नसेल, तर ते वाहकालाच माहीत असते.

आकड्यांचा अर्थ लावणे

तोट्याचा आकडा एकटा छापू नये. रुपयाची किंमत बदलते, म्हणून १९८० चा तोटा आणि २०२० चा तोटा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तुलना प्रति किलोमीटर उत्पन्न, प्रति किलोमीटर खर्च, भारमान (गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याचे प्रमाण) आणि ताफ्यातल्या गाड्यांपैकी रोज प्रत्यक्ष रस्त्यावर गेलेल्या गाड्या यांची करावी. समजा, ताफ्यात १०० गाड्या आहेत, त्यांतल्या ७० रोज निघतात आणि प्रत्येक गाडी २०० किलोमीटर धावते, तर रोजची धाव १४,००० किलोमीटर होते. दुरुस्तीअभावी ५० च गाड्या निघाल्या, तर धाव १०,००० वर येते. उत्पन्न घटते, पण कर्मचाऱ्यांचा पगार तेवढाच राहतो. अशा वर्षी ‘प्रवासी कमी झाले’ असे लिहिणे अन्यायाचे होईल, कारण प्रवासी थांब्यावर उभे होते आणि गाडी आली नाही. कोल्हापुरात दुचाकी वाढल्या हे खरे आहे, पण गाडी वेळेवर न येणे हे दुचाकी घेण्याचे कारण होते की परिणाम, याचा निवाडा आपल्या मार्गाच्या फेऱ्यांची नोंद पाहूनच करावा.

नव्या गाड्यांच्या योजनांनाही हीच कसोटी लावावी. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून २००९ पासून शहरांना बसखरेदीसाठी पैसा मिळू लागला, आणि २०२३ मध्ये केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना आली. गाड्या किती आल्या यासोबत त्या आपल्या मार्गावर आल्या का, आणि पाच वर्षांनी त्यांतल्या किती धावत होत्या, हे शोधावे.

पुराचे दिवस वेगळे अभ्यासावेत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी चढत असताना कोणता मार्ग कोणत्या क्रमाने बंद झाला, हे रोजच्या पाणीपातळीशेजारी मांडले, तर आपला मार्ग शहराच्या कोणत्या सखल भागावर अवलंबून आहे ते दिसते.

लेखन आणि जतन

लिहिताना काळाचे विभाग मार्गातल्या बदलांवरून पाडावेत, सभापतींच्या कारकिर्दींवरून पाडू नयेत. प्रत्येक विधानाचा आधार मजकुरातच थोडक्यात सांगावा. नकाशा जरूर जोडावा. हाताने काढलेला चालेल, पण त्यावर जुने-नवे थांबे आणि महानगरपालिकेची हद्द दाखवावी. पूर्ण झालेल्या मजकुराची, तिकिटांच्या प्रतिमांची आणि ध्वनिमुद्रणांची एकेक प्रत वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी, आणि माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते पहिल्या पानावर लिहावे. दुसरा मार्ग निवडताना पहिल्याला शिवाजी चौकात, दसरा चौकात किंवा गंगावेशीत कुठेतरी छेदणारा निवडावा, म्हणजे सामाईक थांब्यांवरच्या वेळा आणि तारखा एकमेकींवर पडताळून पाहता येतात आणि पहिल्या मार्गाच्या नोंदींतल्या चुका तिथेच दुरुस्त करता येतात.